पी ०.०७ आलंय, गाईड म्हणतात अजून २० जण घे. घेऊ का?

काठावरची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मानसशास्त्रात एमए करतेय, शेवटचं सत्र, डेझर्टेशन चालू आहे. विषय थोडक्यात असा की परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवून काढली तर परीक्षेची धास्ती कमी होते का. ४६ विद्यार्थी मिळाले, चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, २३ जणांनी भीतीबद्दल लिहिलं आणि २३ जणांनी तेवढाच वेळ आदल्या दिवशी काय काय केलं ते लिहिलं. मग लगेच २० प्रश्नांची प्रश्नावली, स्कोअर २० ते ८० मधे, जास्त म्हणजे जास्त धास्ती.

भीती लिहिणाऱ्या गटाची सरासरी ५.५ गुणांनी कमी आली, एसडी (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत ते) दोन्हीकडे साधारण १०. टी टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी) केली. पी ०.०७, म्हणजे लिहिण्याचा काहीच परिणाम नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसायची शक्यता ७ टक्के, आणि ०.०५ च्या खाली आलं तरच "सिग्निफिकंट" म्हणतात.

तेव्हापासून डोकं फिरलंय. गाईड म्हणाले अजून २० जण घे, दोन्हीकडे दहा दहा, येईल खाली. सिनियर म्हणते वन-टेल्ड कर (म्हणजे फक्त धास्ती कमी होते का एवढंच तपासायचं), ०.०७ चं निम्मं ०.०३५, विषय संपला. रूममेट म्हणते लिहिणाऱ्या गटात एकाचा स्कोअर ७८ आहे तो काढून टाक, सगळी सरासरी तोच वर ओढतोय. आणि मी स्वतः काल रात्री एसपीएसएस (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) मधे मुली आणि मुलगे वेगळे करून पाहिलं तर मुलींत (२८ जणी) पी ०.०४ येतंय, मुलग्यांत (१८) ०.७९. मग हे फक्त मुलींवर काम करतं असं लिहू का? की नॉन-पॅरामेट्रिक (सरासरीऐवजी क्रमांकांवर चालणारी टेस्ट) करून बघू? सबमिशनला पाच आठवडे आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मध्यममार्गी

गाईड सांगतायत ते करा आणि मोकळ्या व्हा. २० जण जास्त घेणं हा काही गुन्हा नाही, सॅम्पल मोठं झालं तर चांगलंच ना.

शेषफल

मध्यममार्गी, थांबा जरा. मोठं सॅम्पल चांगलंच, त्यात वाद नाही. पण ०.०७ आलं *म्हणून* वाढवायचं आणि ०.०३ आलं असतं तर थांबायचं, ही सगळी गोम आहे. ०.०३ आलं असतं तर गाईड "अजून २० घे, कदाचित वर जाईल" असं म्हणाले असते का? नाही ना. म्हणजे फासा मनासारखा पडेपर्यंत टाकायचा आणि पडला की खेळ बंद.

याचा हिशोब फार जुना आहे. आर्मिटेज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ मधेच मांडलाय. खरा फरक शून्य असताना समान टप्प्यांत दोनदा डोकावलं आणि दर वेळी ०.०५ चीच रेघ धरली तर चुकून "सिग्निफिकंट" मिळायची शक्यता ५ टक्क्यांची ८.३ होते. पाचदा डोकावलं तर १४.२, दहादा तर १९.३. आणि डोकावत राहायला मर्यादाच ठेवली नाही तर कधी ना कधी रेघ ओलांडली जाणारच.

डोकावायची सोय नाही असं नाही. पोकॉकने १९७७ मधे दिलेल्या पद्धतीत दोनदा बघायचं आधीच ठरवलं तर दर वेळी ०.०५ ऐवजी ०.०२९४ ची रेघ धरायची, मग एकूण चूक ५ टक्क्यांतच राहते. औषधांच्या चाचण्यांत हे सर्रास चालतं. अट एकच, ठरवायचं आधी. काठावरची, तुमचं ते ठरवायचं राहून गेलं आणि आता ४६ जणांचा निकाल डोळ्यांनी पाहिलाय, तो न पाहिल्यासारखा करता येत नाही.

बाकीच्या तीन सल्ल्यांवर रात्री लिहितो.

विदावेडी

मी लिहिते तोवर.

वन-टेल्ड: स्वतःला एकच प्रश्न विचार. लिहिणाऱ्यांची धास्ती उलट ८ गुणांनी वाढली असती तर "माझं हायपोथिसिस एका दिशेचं होतं, त्यामुळे यावर मला काही बोलता येत नाही" असं म्हणून गप्प बसली असतीस? भीती उकरून काढल्याने ती वाढली, असा शोध लागला म्हणून पहिलं पान भरलं असतं तू. (मी तरी भरलं असतं.) म्हणजे दोन्ही बाजूंना तुझं लक्ष होतं, म्हणजे टू-टेल्ड. एका बाजूची टेस्ट वाईट नाही पण ती डेटा यायच्या आधी लिहून ठेवावी लागते.

७८ वाला मुलगा: त्याने प्रश्नावली नीट भरलीये का? सगळीकडे एकच गोल केलाय असं काही आहे का? तसं काही नसेल तर तो माणूस आहे, आउटलायर म्हणून हाकलायचा नाही. तो दुसऱ्या गटात असता तर रूममेटला दिसलाही नसता.

मुली-मुलगे: हा सगळ्यात गोड सापळा आहे. एकीकडे ०.०४ आणि दुसरीकडे ०.७९, म्हणून दोघांत फरक आहे असं वाटतं, पण तो फरक तू तपासलेलाच नाहीस! त्यासाठी इंटरॅक्शन, म्हणजे मुलींत आणि मुलग्यांत परिणाम वेगवेगळा आहे का, ती बघावी लागते. गेलमन आणि स्टर्न यांचा २००६ चा लेख नेमका यावरच आहे, सिग्निफिकंट आणि नॉन-सिग्निफिकंट यांच्यातला फरक स्वतः सिग्निफिकंट असेलच असं नाही. आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं होतं असं समजू नकोस. २०११ मधे न्यूवेनहाउस आणि मंडळींनी मेंदूविज्ञानाचे पेपर चाळले, ज्या १५७ पेपरांत ही चूक करायची संधी होती त्यातल्या ७९ पेपरांनी ती केली होती. मोठमोठ्या जर्नलांत.

इंटरॅक्शन काढून इथे टाक बरं.

काठावरची

विदावेडी, काढली. टू-वे अनोव्हा केला, गट गुणिले लिंग, इंटरॅक्शनचा पी ०.२७. :(

७८ वाल्याची प्रश्नावली नीट आहे, उलट त्याने शेवटी दोन ओळी जास्तीच्या लिहिल्यात.

गोंधळी प्राणी

+१ विदावेडी. माझा पण एक प्रश्न घुसडतो, धागा हायजॅक करत नाही. स्कोअर नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) नाहीत, शापिरो-विल्क (ते तपासणारी टेस्ट) सिग्निफिकंट आलंय, आता मॅन-व्हिटनीच (नॉन-पॅरामेट्रिक टेस्ट) करावी लागेल ना?

शेषफल

गोंधळी, अट कच्च्या स्कोअरवर नसते, रेसिड्यूअल्सवर असते, म्हणजे प्रत्येक स्कोअर आपल्या गटाच्या सरासरीपासून किती दूर आहे त्यावर. दोन गटांच्या सरासऱ्या लांब असतील तर सगळे स्कोअर एकत्र घेऊन दोन उंचवटे दिसणारच. शिवाय शापिरो लहान सॅम्पलमधे काही पकडत नाही आणि मोठ्यात नको ते पकडतं, म्हणजे नको तेव्हा हजर. आलेख काढून डोळ्यांनी बघा. मला विचाराल तर नॉर्मॅलिटीपेक्षा दोन गटांचा पसारा वेगळा आहे का याची काळजी करा, आणि त्यालाही आधी लेव्हीन (पसारा तपासणारी टेस्ट) मग टी टेस्ट असा दोन पायऱ्यांचा खेळ नको, सरळ वेल्चची टी टेस्ट (पसारा सारखा न धरणारी) डिफॉल्ट ठेवा. एसपीएसएस तुम्हाला दोन ओळी देतं ना, त्यातली खालची.

काठावरची, आता तुमच्या मूळ दुखण्याकडे. पी बाजूला ठेवू. ५.५ गुण, एसडी १०, म्हणजे डी (फरक भागिले एसडी) साधारण ०.५५. त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा परिणाम कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) काढला तर उणे ०.०४ ते १.१४ येतो. म्हणजे तुमचा डेटा सांगतोय की परिणाम शून्य असू शकतो आणि मानसशास्त्रात क्वचित दिसतो इतका प्रचंडही असू शकतो. पी ०.०७ चं ०.०४ झालं असतं तरी ही धुसरता तशीच राहिली असती, खालचं टोक शून्याच्या किंचित वर सरकलं असतं इतकंच.

मूळ प्रश्न, २३ हा आकडा आला कुठून?

काठावरची

खरं सांगू? तेवढे मिळाले. आणि सगळे म्हणतात ना की ३० च्या आसपास असले की चालतं.

शेषफल

तो "३०" कुठून आला हे मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही, पण प्रत्येक वर्गात कोणीतरी सांगतंच.

मध्यम परिणाम, म्हणजे कोहेनच्या भाषेत डी ०.५, दोन स्वतंत्र गट, अल्फा (सिग्निफिकंटची रेघ) ०.०५ टू-टेल्ड, पॉवर (परिणाम खरा असेल तर तो पकडायची शक्यता) ८० टक्के हवी असेल तर एका गटात ६४ लागतात. डी ०.८ असेल तर २६ पुरतात. डी ०.२ असेल तर ३९४. एका गटात. हे काढून देणारं जी-पॉवर सॉफ्टवेअर फुकट आहे, एक मिनिट लागतं. तुमच्या २३-२३ मधे डी ०.५ पकडायची पॉवर ३८ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे परिणाम खरा असला तरी दहातले सहा वेळा तुम्हाला "नॉन-सिग्निफिकंट"च दिसणार. नाणं टाकलं असतं तर जास्त वेळा बरोबर आलं असतं. ८० टक्के पॉवरने पकडायचं तर डी ०.८५ च्या घरात असायला हवा होता.

यात तुमचा एकटीचा दोष नाही. कोहेनने १९६२ मधे एका नामांकित जर्नलचं १९६० चं वर्ष तपासलं तेव्हा मध्यम परिणामासाठी सरासरी पॉवर ०.४८ होती. १९८९ मधे सेडलमायर आणि गिगरेंझरने परत बघितलं तर पाव शतकात काही सुधारणा नाही. आपण सगळे त्याच घराण्यातले.

जुना जाणता

अवांतर: ०.०५ हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. फिशरने १९२५ च्या पुस्तकात "सोयीचा" म्हणून धरला आणि लोकांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. आणि टी टेस्ट ज्याने काढली तो गॉसेट दारूच्या कारखान्यात काम करायचा, बार्लीच्या चिमूटभर नमुन्यांवरून निर्णय घ्यायचे होते म्हणून १९०८ मधे "स्टुडंट" या टोपणनावाने पेपर लिहिला. टोपणनाव घेऊन लिहिणाऱ्या आपल्या सगळ्यांचा तो मूळपुरुष. अवांतर समाप्त.

मध्यममार्गी

सगळं मान्य. पण सांगणाऱ्याचं काय जातंय? व्हायव्हाला समोर बसणारे तुम्ही नाही, ती आहे. समोरचा बाह्य परीक्षक पान उघडणार, "नॉट सिग्निफिकंट" वाचणार आणि म्हणणार मग काय केलंत वर्षभर. मी स्वतः यातून गेलोय, गाईडने एसपीएसएस चा आउटपुट घेऊन परत परत पाठवलं, चौथ्यांदा आणलेल्या टेबलात एक व्हेरिएबल मीडियनवर (मधल्या आकड्यावर) कापून "हाय" आणि "लो" केलं तेव्हा कुठे सही झाली. सगळे करतात. ब्रह्मज्ञान डिग्री मिळाल्यावर.

विदावेडी

मध्यममार्गी, तुमच्यावर राग नाही, ते व्हायव्हाचं भय खरं आहे. पण "सगळे करतात" याचं काय झालं ते पण सांगायला हवं.

सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन या तिघांनी २०११ मधे मुद्दाम एक प्रयोग करून दाखवला. एक ठराविक गाणं ऐकवलं आणि दुसरं एक वाद्यसंगीत ऐकवलं, मग लोकांना जन्मतारीख विचारली, आणि "सिद्ध" केलं की ते गाणं ऐकल्यावर माणसं जवळजवळ दीड वर्षाने *लहान* होतात. वाटतात असं नाही, होतात! पी ०.०४०. कसं जमलं? वडिलांचं वय कोव्हेरिएट (हिशोबात धरायचा जोडीचा आकडा) म्हणून घालून बघ, तिसरा गट होता तो सांगू नकोस, थोडे लोक घेऊन बघ मग अजून थोडे घे. एकही आकडा खोटा नव्हता. त्यांनीच हिशोब केला की अशा चार मोकळीकी एकत्र वापरल्या तर ५ टक्क्यांची चूक ६१ टक्क्यांच्या घरात जाते.

आता काठावरचीची यादी बघा: अजून २० घे, वन-टेल्ड कर, एक माणूस काढ, लिंगाने फोड, नॉन-पॅरामेट्रिक करून बघ. पाच वाटा, आणि पाचही सांगणारे तिचं भलंच चिंतणारे.

मग २०१५ मधे मानसशास्त्रातले १०० अभ्यास परत करून पाहिले तेव्हा काय झालं ते माहितीच आहे, मूळ अभ्यासांत ९७ टक्के सिग्निफिकंट होते, परत केल्यावर ३६ टक्के. परिणामाचा आकारही सरासरी निम्म्यावर.

आणि तुमचं ते मीडियन स्प्लिट. नॉर्मल व्हेरिएबल मधोमध कापलं की कोरिलेशन (दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध) मूळच्या ०.८ पट उरतं, म्हणजे समजावलेला व्हेरियन्स (स्कोअरमधला चढउतार) ३६ टक्क्यांनी घटतो. एक तृतीयांश माणसं गोळा करून फेकून दिल्यासारखं. ५१ वाला आणि ४९ वाला वेगवेगळ्या गटात, आणि ५१ वाला ७८ वाल्याच्या गटात. एवढं नुकसान करूनही तुमचं पी खाली आलं असेल तर ते का आलं याचाच विचार करा.

मध्यममार्गी

केला विचार. म्हणून तर त्या डेझर्टेशनवरून पुढे काही छापलं नाही.

अनामिका_२

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. पण एक शंका. एसपीएसएस मधे "ऑब्झर्व्हड पॉवर" ची खूण करता येते ना, ती करून "पॉवर कमी होती म्हणून सिग्निफिकंट आलं नाही" असं लिहिलेलं बऱ्याच थिसिसमधे पाहिलंय. तसं लिहिलं तर?

शेषफल

नका लिहू. ती पॉवर तुमच्या पी वरूनच काढलेली असते, नवीन माहिती शून्य. पी ०.०५ असेल तर ऑब्झर्व्हड पॉवर ५० टक्क्यांच्या जवळ, ०.०७ असेल तर ४४ च्या जवळ, दर वेळी. होनिग आणि हायझीने २००१ मधे हे नीट मांडलंय. "नापास झालो कारण मार्क कमी पडले" म्हटल्यासारखं आहे ते.

विदावेडी

काठावरची, दोन प्रश्न. एक, प्रयोगाच्या आधी पण तीच प्रश्नावली भरून घेतली होतीस का? दोन, सिनॉप्सिसमधे ॲनालिसिसबद्दल काय लिहिलंय? शब्दशः सांग.

काठावरची

१. हो, आठवडाभर आधी घेतली होती. दोन्ही गट सारखे आहेत ना ते बघायला. लिहिणारा गट ३ गुणांनी कमी होता पण टी टेस्टमधे पी ०.३१ आलं, म्हणजे गट सारखे, म्हणून ते बाजूला ठेवलं.

२. सिनॉप्सिस शोधावं लागेल, ईमेलमधे असेल.

…

सापडलं. अरे देवा. "गटांची तुलना पूर्वचाचणीचे गुण सहचल म्हणून घेऊन अन्कोव्हाने केली जाईल." हे वाक्य मी कुठूनतरी बघून लिहिलं होतं आणि समितीने मंजूर पण केलंय. टी टेस्ट मी केली कारण आमच्याकडे सगळे टी टेस्ट करतात आणि मला तीच येते.

शेषफल

आता कसं बोललात!

दोन गोष्टी सांगतो. चिठ्ठ्या टाकून गट केले असतील तर सुरुवातीचा फरक योगायोगानेच आलेला असतो, ते आपल्याला टेस्ट न करताही माहीत आहे. त्यामुळे त्यावर पी काढणं म्हणजे ज्याचं उत्तर आधीच हातात आहे तो प्रश्न विचारणं. आणि ०.३१ आलं म्हणून ते ३ गुण गायब होत नाहीत, ते निकालात शिरून बसलेत. तुमच्या ५.५ मधले काही गुण लिहिण्यामुळे नसून तो गट मुळातच थोडा निवांत होता म्हणून आहेत.

दुसरं, अन्कोव्हात पूर्वचाचणी हिशोबात घेतली की माणसामाणसातला जुना फरक बाजूला काढता येतो. आधीच्या आणि नंतरच्या स्कोअरमधे कोरिलेशन ०.७ असेल तर उरलेला व्हेरियन्स ५१ टक्केच राहतो, म्हणजे तेवढ्याच माणसांत जवळजवळ दुप्पट माणसांचं काम होतं. मघाशी ६४ म्हणालो ना एका गटात, ते ३४ च्या आसपास येतात. एकही जास्तीचा माणूस न बोलावता. पॉवर वाढवायची म्हणजे सॅम्पल वाढवायचं एवढंच लोकांच्या डोक्यात असतं, पण मोजमापातला गोंगाट कमी करणं हा त्याहून स्वस्त रस्ता आहे आणि तुम्ही तो आधीच घेऊन ठेवलाय!

आता अन्कोव्हा करा. पण आउटपुट उघडायच्या *आधी* इथे लिहून टाका की जो येईल तो लिहिणार. नाहीतर हीसुद्धा सहावी वाट होईल.

काठावरची

जो येईल तो लिहिणार. आता झोपते, उद्या लॅबमधे जाऊन करते.

गोंधळी प्राणी

हे वाचून माझ्या पोटात गोळा आलाय. माझ्याकडे कंट्रोल ग्रुपच नाहीये. २०० जणांना धास्तीची प्रश्नावली दिली, त्यातले सगळ्यात जास्त स्कोअर असलेले ३० निवडले, सहा आठवडे रिलॅक्सेशन शिकवलं, परत मोजलं. पेअर्ड टी टेस्ट (त्याच माणसांचे आधीचे आणि नंतरचे स्कोअर), पी ०.००२. मला वाटत होतं माझं मस्त झालंय.

जुना जाणता

गोंधळी, बसा खाली. पाणी प्या.

समजा सगळ्यांची सरासरी ४५, एसडी १०, आणि तुम्ही निवडलेल्यांची सरासरी ६०. प्रश्नावलीचं टेस्ट-रीटेस्ट कोरिलेशन (दोनदा मोजल्यावर आकडे किती जुळतात ते) ०.७ धरा. तर त्या ३० जणांना सहा आठवडे काहीही न करता नुसतं परत बोलावलं असतं तरी सरासरी ६० ची ५५.५ व्हायची. पंधरा गुण वर होते, त्यातले सत्तर टक्केच टिकतात. कारण त्या दिवशी सगळ्यात वर कोण होतं? खरोखर धास्तीवाले, आणि शिवाय ज्यांचा तो दिवस वाईट होता ते. दुसऱ्या वेळी त्यांचा वाईट दिवस नसतो. साडेचार गुणांची ही घट ३० जणांत पेअर्ड टी टेस्टला आरामात दिसते, पी ०.०१ च्या खाली.

तुमची घट किती आली?

गोंधळी प्राणी

५ गुण. साधारण ६१ वरून ५६. सगळ्यांची सरासरी ४५ च्या जवळपासच आहे. तुम्ही माझी फाईल उघडून बघितली का??

जुना जाणता

नाही, पण अशा फाईली बऱ्याच पाहिल्यात. रिलॅक्सेशनचा उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही, झाला असेलही. तुमच्या डिझाईनमधून ते कळायला मार्ग नाही. कॅम्पबेल आणि स्टॅन्ले यांनी १९६३ मधे या एका गटाच्या आधी-नंतर डिझाईनची चिरफाड केलीये आणि आपण अजून तेच करतोय. कुठलीही भारीतली टेस्ट लावा, नसलेला गट एसपीएसएस मधून निघत नाही.

पण अजून ३१ वा ते ६० वा असे पुढचे ३० आहेत का यादीत?

गोंधळी प्राणी

आहेत, पण ते आमच्या ३० पेक्षा कमी धास्तीवाले. त्यांना कंट्रोल म्हणू?

जुना जाणता

नाही नाही, म्हणूनच विचारलं, तो मोह टाळा. ते सरासरीच्या जवळ आहेत, ते कमी घसरणार, मग तुलना अजूनच गंडेल. पुढच्या तुकडीवर करा: वरचे ६० घ्या, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आत्ता शिकवा, निम्म्यांना सहा आठवड्यांनी. वेटलिस्ट. दोन्ही गट सारखेच घसरतील, जास्तीचं जे घसरेल ते तुमचं. कोणी वंचितही राहत नाही, एथिक्स समितीही खूश. आत्ताच्या ३० चा अहवाल "पायलट" म्हणून लिहा आणि मर्यादांमधे हे सगळं तुम्हीच आधी सांगून टाका, दुसऱ्याने विचारायच्या आत.

विदावेडी

जाता जाता अजून एक, कारण विषय निघालाच आहे. इंटरॅक्शन हवी असणाऱ्यांनी सॅम्पलचा अंदाज घ्यावा. मूळ परिणाम डी ०.५ साठी ६४-६४ लागतात. "हे मुलींत चालतं, मुलग्यांत अजिबात चालत नाही" असं दाखवायचं तर प्रत्येक खान्यात १२८, चार खाने (दोन गट गुणिले दोन लिंगं), ५१२ जण. "मुलग्यांत निम्मंच चालतं" दाखवायचं तर प्रत्येक खान्यात ५१२, एकूण दोन हजारांच्या वर. आणि सिनॉप्सिसमधे लोक लिहितात, लिंग, निवास आणि शाखा यांच्या तिहेरी इंटरॅक्शनचा अभ्यास, सॅम्पल १२०.

अनामिका_२

माझं सिनॉप्सिस १०० चं आहे. गुपचूप बदलतेय.

काठावरची

झालं करून.

अन्कोव्हा, पूर्वचाचणी कोव्हेरिएट. ॲडजस्ट केलेला फरक ३.४ गुण. ९५ टक्के इंटरव्हल उणे ०.९ ते ७.७. पी ०.१२.

मध्यममार्गी

घ्या. ०.०७ चं ०.१२ करून दिलंत पोरीचं.

काठावरची

:D मला पण पहिल्यांदा रडूच आलं होतं. पण शेषफल म्हणाले ते दिसलं खरं, ५.५ चे ३.४ झाले म्हणजे दोन गुण आधीपासूनचेच होते. अजून २० जण घेऊन ०.०४ आणलं असतं तर ते दोन गुण मी व्हायव्हात छातीठोकपणे लिहिण्याच्या नावावर खपवले असते.

आता लिहू कसं? "परिणाम नाही" असं लिहायचं का?

शेषफल

तसंही नाही. इंटरव्हल बघा, पावणेआठ गुणांचा फायदा त्यात बसतो, शून्यही बसतं आणि एका गुणाचं नुकसानही. परिणाम नाही असं म्हणायला वेगळी परीक्षा असते, आधी ठरवावं लागतं की किती गुणांच्या आतला फरक आपण कामाचा नाही असं धरणार, समजा २, आणि मग अख्खा इंटरव्हल त्या पट्ट्यात बसतोय का बघायचं. तुमचा बसत नाही. म्हणून सरळ लिहा: फरक अपेक्षित दिशेने ३.४ गुणांचा, इंटरव्हल अमुक ते तमुक, एवढ्या सॅम्पलवरून ठाम सांगता येत नाही. आधी टी टेस्ट केली होती आणि ०.०७ आलं होतं तेही लिहा, लपवू नका. मुली-मुलग्यांचं शोधात्मक म्हणून वेगळ्या उपविभागात, इंटरॅक्शनच्या ०.२७ सकट.

आणि "मार्जिनली सिग्निफिकंट" हा शब्द दिसला तर मी धाग्यावर परत येईन.

परीक्षकाची भीती वाटत असेल तर एक आकडा जवळ ठेवा. शील, स्खायन आणि लाकेन्स यांनी २०२१ मधे मोजलं, नेहमीच्या पेपरांत पहिलं हायपोथिसिस खरं ठरण्याचं प्रमाण ९६ टक्के, आणि जिथे जर्नल निकाल येण्याआधी नुसती पद्धत बघून पेपर स्वीकारतं त्या रजिस्टर्ड रिपोर्ट्समधे ४४ टक्के. म्हणजे "हायपोथिसिस टिकलं नाही" हे काही जगावेगळं घडत नाहीये.

काठावरची

गाईडकडे जाऊन आले. सिनॉप्सिसचं ते पान उघडून पुढे ठेवलं, अन्कोव्हाचं टेबल दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "समितीने हेच मंजूर केलंय ना?" म्हटलं हो. "मग हेच लिही, पण इंटरव्हल म्हणजे काय ते परीक्षकाला सोप्या भाषेत सांगता आलं पाहिजे, मला आत्ता सांगून दाखव." सांगताना तीनदा अडखळले. परवा परत बोलावलंय.

अनामिका_२

काठावरची, एक विचारू? मला अजून विषय पक्का नाहीये. तुझाच प्रयोग मी परत केला तर चालेल का? ३४-३४ धरले, पूर्वचाचणी घेऊन, प्लॅन आधीच ओएसएफ (संशोधनाचा आराखडा जाहीर नोंदवायची साईट) वर टाकून. माझ्याकडे आठ महिने आहेत.

काठावरची

अगं चालेल काय, धावेल! सगळं देते, सूचनापत्रक, प्रश्नावली, डेटा नावं काढून. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. फक्त आठवा प्रश्न बदल, तो निम्म्या लोकांना कळतच नव्हता, सगळे येऊन विचारायचे.

शेषफल

बदलू नका! बदललात तर तिच्या स्कोअरशी तुमचा स्कोअर जुळवता येणार नाही. आठवा तसाच ठेवा, सुधारलेला २१ वा म्हणून शेवटी जोडा, आणि एकूण बेरजेत कोणता धरणार ते आत्ताच लिहून ठेवा. आणि ३४ म्हणजे शेवटपर्यंत टिकलेले ३४, गळती धरून ४० बोलवा.

अनामिका_२

४०. लिहिलं.